देव हे नाव नव्हे, हुद्दा!

सेतुमाधवरावांसमोर चुकूनसुद्धा ‘देवाची कृपा’ म्हणू नये. मी म्हटलं होतं. चेन्नईला माझी बदली होऊन चौथाच दिवस. हातात दुधाची पिशवी, डोक्यात घराचा पसारा, आणि जिन्यात समोरून एक उंच, सडपातळ म्हातारे गृहस्थ उतरत आले. कपाळावर काळी रेघ, खाली लाल अक्षता, खिशाला दोन पेनं. मला म्हणाले, “घर लागलें कीं नाही, मुली?”

मराठी! चार दिवस नुसत्या खाणाखुणांवर भाजी आणलेल्या बाईला मराठी ऐकून काय होतं ते ज्याला झालंय त्यालाच कळेल. मी हरखून म्हटलं, “लागलं की हो काका! देवाची कृपा.”

“कोणत्या?”

“अं?”

“कोणत्या देवाची? नांव सांग. देव हें कांहीं नांव नव्हे. हुद्दा आहे.”

एवढं बोलून ते खाली उतरून गेले. मी पिशवी धरून उभी. वर येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, “जपून राहा बाई.” त्याला काय, तो पहाटेच कंपनीच्या बसनं इरुंगाट्टुकोट्टैला जातो आणि अंधार पडल्यावर येतो. जपून राहायचं ते मलाच.

काका तंजावरचे. त्यांचे पूर्वज कधी काळी तिकडे गेले ते तिथलेच झाले, आणि मराठीही सोबत घेऊन गेले ती तशीच राहिली. ‘तें’, ‘कोठें’, ‘येतों’, सगळं शाबूत. मध्येच तमिळमधला ‘सेरि’ यायचा, म्हणजे ‘बरं’. मी सांगलीची. पहिले काही दिवस मला वाटायचं, आपल्याशी कुणीतरी जुनं पत्र वाचून दाखवतंय.

नावाचं वेड त्यांना लागलं ते नोकरीतून. चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावी एका सरकारी कारखान्यात छत्तीस वर्षं आस्थापना विभागात. कुणाची नेमणूक, कुणाची बढती, कुणाचं निवृत्तिवेतन, सगळी सर्व्हिस बुकं यांच्या कपाटात. तिथून ते एक तत्त्वज्ञान घेऊन बाहेर पडले. “हुद्द्यावर लिहिलेलें पत्र ढिगांत पडतें,” ते म्हणायचे. “नांवावर लिहिलेलें टेबलावर येतें. अप्परम, तुझी मर्जी.” अप्परम म्हणजे ‘मग’. हा शब्द आला की समजायचं, आता विषय संपला आणि चूक आपली आहे.

आणि देवाचंही तसंच, असं त्यांचं ठाम मत. लोक ‘देवा, वाचव रे’ म्हणतात. कोण येणार? ज्याला त्याला वाटणार, दुसऱ्याला हाक मारली. द्रौपदीची गोष्ट तर त्यांनी मला किमान सहा वेळा सांगितली असेल. भर सभेत तिनं हाक मारली ती ‘द्वारकावासी’ म्हणून. कीर्तनकार सांगतात, की कृष्ण जवळच होता, पण तिनं द्वारकेतल्याला बोलावलं म्हणून बिचारा आधी द्वारकेला गेला आणि मग आला. “पत्ता घातला द्वारकेचा!” काका कळवळून म्हणायचे. “नाहीतर दुःशासनानें पदराला हातही लावला नसता. सगळा उशीर टपालाचा.”

माझं नाव वैशाली. ते ऐकून त्यांचा चेहरा पडला. “हें गांवाचें नांव. याला कोण ओ देणार?” नवऱ्याचं नाव प्रसाद कळल्यावर मात्र जरा उजळले. “बरें आहे. निदान देवळांतलें आहे.”

आमच्या नंगनल्लूरमध्ये दर दोन गल्ल्यांना एक देऊळ. काका रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पेरुमाळकडे, म्हणजे विष्णूकडे, जायचे. इथं अर्चना करायची एक रीत आहे. खिडकीवर चिठ्ठी घ्यायची, भट्टर, म्हणजे पुजारी, विचारतात, “पेरु? नक्षत्रम? गोत्रम?” आपण आपलं नाव, नक्षत्र, गोत्र सांगायचं, की ते सगळं देवाच्या कानावर घालून ते देवाची एकशे आठ नावं म्हणत तुळस वाहतात. लोक स्वतःचं नाव नीट उच्चारलं गेलं की नाही ते कान देऊन ऐकतात आणि देवाची नावं सुरू झाली की चपला शोधायला लागतात. काकांचं उलट. ते देवाची नावं मोजत उभे राहतात. एकदा गर्दीच्या दिवशी भट्टर बासष्टाव्या नावावरून थेट एकाहत्तराव्यावर गेले. काकांनी तिथल्या तिथं गाडी थांबवली. “मधलीं आठ कोठें गेलीं?” मागं शंभर माणसं. तरुण भट्टर घामाघूम. आठही नावं म्हणवून घेतली तेव्हा सोडलं. तेव्हापासून काका दिसले की तो मुलगा शाळेत पाढे म्हणावेत तसा सावकाश, खणखणीत म्हणतो.

आणि स्वतःचं नाव? ते काका कधीच देत नसत. भट्टरनी ‘पेरु?’ विचारलं की म्हणायचे, “स्वामी पेरुक्कु.” म्हणजे अर्चना देवाच्याच नावानं करा. असंही करता येतं. मी विचारलं, “काका, एवढं नावाचं माहात्म्य सांगता, मग स्वतःचं का नाही सांगत?”

“मला कांहीं मागायचें नाही. अर्ज नसेल तर अर्जदाराचें नांव कशाला?”

हे त्यांनी म्हटलं तेव्हा खरंच होतं. पुढच्या महिन्यात ते बदललं.

काकांच्या घरात दोनच माणसं, ते आणि राव मामी. मूलबाळ नाही. मामी म्हणजे एवढीशी बाई, बोलणं कमी, हसणं जास्त. मी कामावरून आले की रोज कॉफीचा पेला घेऊन यायच्या. इथे काकूला मामी म्हणतात, म्हणून अख्ख्या इमारतीच्या त्या राव मामी. काका त्यांना ‘अगो’ म्हणायचे, त्या काकांना ‘अहो’. तर त्या मामींना जिना चढताना धाप लागायला लागली. आधी एका मजल्यावर, मग चार पायऱ्यांवर. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप खराब झालीय, बदलावी लागेल, आणि या वयात धोका आहे.

मामी शांत होत्या. म्हणाल्या, “बदला. स्वयंपाकघरांतला नळ दोनदां बदलला, हेंही बदला.” काकांची मात्र झोप उडाली. आता त्यांना मागायचं होतं, आणि मागायचं तर योग्य नावानं. घरात पोथ्यांचा ढीग लागला. केशव म्हणजे काय, माधव म्हणजे काय, धन्वंतरी या कामासाठी बरा की नरसिंह. की धन्वंतरीचा संबंध फक्त औषधाशी, शस्त्रक्रियेसाठी दुसरा विभाग आहे? मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, “काका, कोणत्याही नावानं हाक मारा हो, सगळी एकाकडेच जातात, असं तुमच्याच पोथ्या सांगतात ना?”

“जातात. पण कोणत्या हाकेला तो लगेच उठतो, तें कळायला नको?” असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसत बसले.

शस्त्रक्रियेच्या आठ दिवस आधी मी त्यांच्याबरोबर पेरुमाळकडे गेले. भट्टरनी विचारलं, “पेरु?” काका सवयीनं म्हणाले, “स्वामी पेरुक्कु.” मी कोपर मारलं. “काका! मामींचं नाव सांगा!”

काकांचा चेहरा कानापर्यंत लाल. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. देवाच्या आठ नावांसाठी शंभर माणसं खोळंबवणारा माणूस बायकोच्या एका नावापाशी अडला! मला म्हणाले, “तूंच सांग.”

“मी? मला कुठं माहीत?”

आणि बोलल्यावर माझीच मला लाज वाटली. दोन वर्षं त्या बाईच्या हातची कॉफी पितेय मी, आणि तिचं नाव मला ठाऊक नाही. कुणालाच नव्हतं. दारावर पाटी काकांची, पत्रं काकांची, हाक मामीची. शेवटी काकांनी खिशातलं पेन काढलं, चिठ्ठीच्या मागे सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि माझ्या हातात दिलं. मी मोठ्यानं वाचलं. “रुक्मिणी.” अर्चना झाली. येताना मी छेडलं, “काय हो काका, इतकं सोपं नाव!” ते भरभर पुढं चालायला लागले.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या सेल्वराज सरांकडे गेलो. सर निवृत्त शिक्षक, दर रविवारी न चुकता चर्चला जाणारे. काकांना त्यांच्या ग्रंथातलंही पाहायचं होतं. अर्ज करायचा तर कुठलंच कार्यालय सोडायचं नाही! सरांनी त्यातल्या एका मेंढपाळाची गोष्ट सांगितली. रानात झुडूप पेटलेलं दिसतं पण जळत नाही, आतून देव बोलतो, तुझ्या लोकांना गुलामीतून सोडव म्हणतो. आणि मेंढपाळ विचारतो, तुझं नाव काय? लोक मला विचारतील, काय सांगू?

काकांनी मांडीवर थाप मारली. “शाबास! हा माझ्या विभागांतला माणूस! आधीं नांव, मग काम. अप्परम, देवानें काय सांगितलें?”

“तो म्हणाला, मी आहे, तो मी आहे.”

काका विचारात पडले. “उत्तर अपुरें वाटतें,” म्हणाले. मग थोडं थांबून, “नाही. पुरें आहे. मी आहे. अडचणींतल्या माणसाला आणखी काय ऐकायचें असतें?” सरांचे डोळे चमकले. ते पुढं म्हणाले, की मूळ भाषेत त्या नावाची चारच अक्षरं, तीही स्वरांशिवाय, ग्रंथात लिहिलेली आहेत. ते नाव इतकं पवित्र, की आदरापोटी लोकांनी ते तोंडानं उच्चारणंच सोडलं. वाचताना तिथं आलं की प्रभू म्हणायचे. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललं. “आणि आता,” सर म्हणाले, “खरा उच्चार काय होता ते कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही.”

मला वाटलं आता काका सरांची उलटतपासणी घेणार. जबाबदार कोण, नोंद का ठेवली नाही. पण काका अर्धी कॉफी तशीच ठेवून उठले आणि निघून गेले. सर माझ्याकडे पाहायला लागले, मी सरांकडे. मला वाटलं, मामींच्या काळजीनं असेल.

शस्त्रक्रिया झाली. झडप नीट बसली, असं डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मामींच्या घशातली नळी काढली, श्वास आपला आपण सुरू झाला, पण त्या डोळे उघडेनात. गुंगीचं औषध थांबवून कितीतरी तास झाले होते. कुणाकुणाला वेळ लागतो, म्हणाले. दुपार झाली. नर्स ‘रुक्मिणी अम्मा, रुक्मिणी अम्मा’ म्हणून हाका मारून गेली, पापणी हलली नाही. आता डॉक्टरांच्या बोलण्यातही ‘वाट पाहू’ जास्त वेळा यायला लागलं. मी रजा टाकून काकांजवळ बाहेरच्या बाकावर बसले होते. ते सकाळपासून पाणीसुद्धा प्याले नव्हते.

एकाएकी म्हणाले, “तें तिचें नांव नव्हे.”

“काय?”

“रुक्मिणी. तें मी ठेवलेलें. लग्नांत ताटांत तांदूळ पसरून अंगठीनें लिहिलें. मला वाटलें, देवाच्या घरचें नांव, याहून चांगलें काय? तिला विचारलें नाही. कोण विचारतो? तीही कांहीं बोलली नाही. आणि एवढ्या हौसेनें ठेवलेलें नांव, तेंही मी तोंडानें घेतलें नाही. आमच्या घरांत बायकोला नांवानें हाक मारीत नसत. शेहेचाळीस वर्षें नुसतें अगो.”

मी हळूच विचारलं, “मग आधीचं नाव?” त्यांनी मान खाली घातली. “विसरलात?”

“विसरेन कसा? सकाळीं संध्येंत देवाचीं चोवीस नांवें घेतों ना, तीं झालीं कीं पंचविसावें तिचें. मनांत. रोज.” त्यांनी चष्मा काढला. “त्या सरांनीं सांगितलें ना, मान म्हणून तोंडांत आणलें नाही आणि हरवलें. मीही तेंच केलें, वैशाली. आतां म्हणायला गेलों आणि ती ऐकायला नसली तर?”

दोन वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली होती. माझा एकदम संताप झाला. कशाचा कोण जाणे, त्या रितीचा, त्या तांदळाच्या ताटाचा. मी म्हटलं, “मग बसलात काय इथं? उठा!” आणि दंडाला धरून उठवलं. नर्सला सांगितलं, हे हाक मारणार आहेत. मी दंड सोडलाच नाही, तेव्हा तिनं मलाही आत सोडलं.

मामी त्या पांढऱ्या चादरीत अगदी लहान दिसत होत्या. काका वाकले. “अगो,” म्हणाले. काही नाही. “अगो, ऐकलेंस कां?” काही नाही. नर्स म्हणाली, “पेर सोल्लुंग, सार!” नाव घ्या. काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं.

“कावेरी.”

इतकं हळू, की मलाच जेमतेम ऐकू आलं. “मोठ्यानं काका!” मी दटावलं.

“कावेरी! अगो कावेरी!”

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारासुद्धा दचकला. मामींच्या पापण्या थरथरल्या. ओठ हलले. कोरड्या, लहान मुलीसारख्या आवाजात त्या म्हणाल्या, “आलें, अप्पा.”

डोळे उघडायला आणखी मिनिटभर लागलं. डॉक्टर धावत आले, आम्हाला बाहेर काढलं. थोड्या वेळानं नर्स येऊन सांगून गेली, की मामी हात हलवतायत, पाणी मागतायत, आता घाबरायचं कारण नाही. काका बाकावर बसले आणि हुंदके देऊन रडले. मीही रडले, खोटं कशाला बोलू? रडता रडता ते हसायला लागले. “मला नव्हे, गो. बापाला ओ दिली. माहेरच्यांवांचून तिला त्या नांवानें कोण हाक मारीत होतें?”

“पण ओ दिली ना काका?”

“दिली कीं!” म्हणाले. “दिली, दिली.” आणि मग त्यांना एकदम भूक लागली. खालच्या उपाहारगृहात दोन डोसे खाल्ले, तिसरा माझ्यातला अर्धा.

बारा दिवसांनी मामी घरी आल्या. मी मऊ भात घेऊन गेले तर उशांना टेकून बसल्या होत्या, रंग परत आला होता. काका शेजारी खुर्चीत, हातात औषधांचा तक्ता, त्याला दोन रंगांच्या शाईत रेघा मारलेल्या. मामी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “दवाखान्यांत मला स्वप्न पडलें. कोणीतरी कावेरी म्हणून हाक मारिली. फार वर्षांनीं ऐकलें.” मग काकांकडे वळल्या. “कोण होतें हो तें?”

काकांनी तक्त्यातून डोकं वर केलं नाही. “नर्स असेल.”

मी तोंड उघडणार होते, पण मामींनी माझा हात दाबला. त्यांना सगळं ठाऊक होतं. “असें होय?” त्या अगदी साळसूदपणे म्हणाल्या. “मग त्या नर्सबाईला सांगा, रोज हाक मारीत जा म्हणावें. मला बरें वाटलें.”

काका चटकन उठले, कॉफी करतों म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले. आमचं बोलणं भलतीकडेच गेलं, माझी बदली, भाजीचे भाव. आत भांडी वाजत होती. मग ती वाजायची थांबली. आणि मग घसा खाकरून हाक आली.

“कावेरी, साखर कोठें आहे?”

मी सांगायला गेले, तर मामींनी ओठांवर बोट ठेवलं. नुसत्या दाराकडे कान लावून, हसू दाबत बसून राहिल्या, पुन्हा हाक येईपर्यंत.